शंभर कट, एकच रिपल: डाव्हिंची रिझॉल्व्ह, फक्त छाटणीपुरतं

व्याख्यानं, कार्यशाळा, लांबलचक मुलाखती असं बोलण्याचं फुटेज कापणं हे माझं काम. त्यात ना ड्रोनचे शॉट, ना ठेक्यावर पडणारे कट. अडीच तासांचं रेकॉर्डिंग येतं आणि त्यातून दीड-दोन तास हाती लागायला हवेत. काढायचा मजकूर एका जागी कधीच नसतो. माइक चालू आहे का ते विचारणं, अडकलेली स्लाइड, मधेच वाजलेला फोन, "तर काय म्हणत होतो मी", खोकल्याची उबळ, त्याच उदाहरणाची तिसरी फेरी. असे तुकडे शंभराच्या घरात जातात आणि प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात. त्यामुळे सॉफ्टवेअरची परीक्षा मी रंग, इफेक्ट आणि टायटलांवर घेत नाही. एक तुकडा काढायला किती वेळा बोट हलवावं लागतं आणि काढल्यावर मागचं-पुढचं जागेवर राहतं का, एवढं पाहते.

याच कसोटीवर डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीबद्दल लिहिते आहे. फ्यूजन (इफेक्ट), फेअरलाइट (आवाज), कलर (रंग) या त्यातल्या भागांबद्दल कौतुकानं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जाणार नाही.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण तिच्यावरून या सॉफ्टवेअरचा स्वभाव कळतो. रिझॉल्व्ह मुळात चित्रपटांच्या रंगकामासाठीची यंत्रणा. 2009 मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं डा व्हिंची सिस्टिम्स विकत घेतली, आणि एडिटिंग त्यात पुढे टप्प्याटप्प्यानं आलं. म्हणून पहिल्यांदा उघडल्यावर दडपण येतं: खाली सात पानांची पट्टी, आणि प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र कारखाना. छाटणीला त्यातली दोनच लागतात, एडिट आणि शेवटी डिलिव्हर. बाकीची पानं वर्कस्पेस मेनूतून लपवता येतात. मी लपवली आहेत, आणि तेव्हापासून डोकं शांत आहे.

यंत्र मात्र दणकट हवं. विंडोजसाठी कंपनी स्वतःच 16 जीबी रॅम सांगते, फ्यूजन वापरायचं असेल तर 32. त्यातून फोनचं किंवा साध्या कॅमेऱ्याचं फुटेज एच डॉट 264 या दाबून लहान केलेल्या स्वरूपात असतं. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि तिच्या आधाराने बाकीच्यांमधला फक्त फरक. सरळ चालवताना हे जाणवत नाही. छाटणीत मात्र आपण सतत मागे-पुढे जात असतो, आणि दर वेळी संगणकाला जवळच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यावं लागतं. प्लेहेड, म्हणजे आपण फुटेजमध्ये कुठे आहोत ते दाखवणारी रेघ, रखडायला लागला की हात आपोआप कंजूष होतो, दहा तुकडे काढायचे तिथे सहाच काढून आपण पुढे सरकतो. त्यामुळे कापायला बसण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी नक्कल, बनवायला लावायची आणि उठून जायचं. मीडिया पूलमध्ये, म्हणजे आत आणलेल्या फाइलींच्या यादीत, क्लिपवर उजवी टिचकी मारली की सोय दिसते. कट प्रॉक्सीवर मारायचे, रेंडर, म्हणजे शेवटची फाइल, मूळ फुटेजवरून होतो.

आता कापण्याकडे.

नवशिक्याला सहसा ब्लेडची वाट दाखवली जाते. बी दाबून ब्लेड घ्या, तुकड्याच्या आधी एक घाव, नंतर एक घाव, ए दाबून बाणावर या, मधला तुकडा टिपा, उडवा. सहा हालचाली, त्यातल्या तीन माउसच्या. पाच मिनिटांच्या व्हिडिओला चालतं. अडीच तासांच्या रेकॉर्डिंगला हे करणाऱ्यांनी मनगटाची काळजी आधी घ्यावी. शिवाय ब्लेड हातात घ्यायची गरज मुळात नाहीच: प्लेहेड उभा असेल तिथे कंट्रोल-बी दाबलं की क्लिप दुभंगते.

त्याहून सरस म्हणजे आय आणि ओ. ऐकत असताना तुकडा सुरू झाला की आय, संपला की ओ, मग डिलीट. तिन्ही कीबोर्डवर, माउसला हातही लागत नाही. इथे रिझॉल्व्हनं एक गोष्ट नेटकी केली आहे. बॅकस्पेस दाबलं तर तुकडा जातो आणि जागा मोकळी राहते. डिलीट दाबलं तर पुढचं सगळं मागे सरकून जागा भरतं, ज्याला रिपल म्हणतात. दोन कामं, दोन वेगळ्या की, कुठलाही मेनू नाही. मॅकच्या लॅपटॉपवर ही दुसरी की वेगळी नसते, तिथे एफएन धरून डिलीट दाबावं लागतं. हे ठाऊक नसलेले लोक प्रत्येक गॅप हातानं बंद करत बसतात.

तिसरी वाट प्लेहेडपर्यंत रिपल करण्याची. कंट्रोल-शिफ्ट धरून डावा चौकटी कंस दाबला तर क्लिपच्या सुरुवातीपासून प्लेहेडपर्यंतचं सगळं जातं आणि जागाही भरते. उजवा कंस दाबला तर प्लेहेडपासून क्लिपच्या शेवटापर्यंतचं जातं. नको असलेला भाग सुरू झाला की कंट्रोल-बी, संपला की कंट्रोल-शिफ्ट-डावा कंस. दोन आज्ञांत तुकडा साफ. वेगवेगळ्या टेकचा ढीग असेल आणि प्रत्येकाचं फक्त डोकं-शेपूट उडवायचं असेल तर याच्याइतकं जलद काही नाही. तक्रार त्या की-जोडीबद्दल. तीन बोटं आणि दोन हात लागणारा शॉर्टकट दिवसभर दाबायचा? प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हेच काम डाव्या हाताच्या एकेका बोटावर आहे, क्यू आणि डब्ल्यू. रिझॉल्व्हच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये प्रीमियरचा, फायनल कटचा, अ‍ॅव्हिडचा आख्खा नकाशा तयार मिळतो, किंवा हव्या त्या दोनच की बदलता येतात. मी दोनच बदलल्या. रिझॉल्व्हमध्ये क्यू मुळात सोर्स (मूळ क्लिप) आणि टाइमलाइन (कट मांडायची पट्टी) यांच्यात उडी मारायला असते आणि डब्ल्यू डायनॅमिक ट्रिमला. त्या दोन्ही गेल्याचं मला दुःख नाही, तुम्हाला होणार असेल तर दुसऱ्या की शोधा.

एवढ्यावर थांबलं तरी कुणीही म्हणेल की काम झालं. माझं मत वेगळं आहे, आणि हा सगळा लेख त्यासाठीच. तुकडे पुष्कळ असतील तर ऐकता ऐकता रिपल करूच नये.

कारण असं. वक्त्यानं स्वतः रेकॉर्डिंग ऐकून टिपण पाठवलेलं असतं: बारा मिनिटं चाळीस सेकंदांपासून तेरा दहापर्यंत काढा, सत्तेचाळीस पाचला नाव चुकलंय, एक तास वीसनंतरचा प्रश्न वगळा. पहिला तुकडा रिपलनं काढला की त्याच क्षणी टिपणातल्या पुढच्या सगळ्या वेळा खोट्या ठरतात. तीस सेकंद वजा करा, मग अजून अकरा, मग अजून चार. दहाव्या तुकड्यापर्यंत आपण एडिटर न राहता हिशेबनीस झालेलो असतो. यावर जुना उपाय म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे कापत येणं, म्हणजे अलीकडच्या वेळा हलत नाहीत. उपाय चोख आहे, पण बोलणं उलटं ऐकता येत नाही. कुठला मुद्दा पुन्हा आला आणि कुठला पहिल्यांदाच येतोय हे उलट्या क्रमानं कळत नाही, आणि व्याख्यान कापताना निम्मे निर्णय त्यावरच असतात.

(टिपणाचा विषय निघाला म्हणून सांगते: रिझॉल्व्हची टाइमलाइन शून्यापासून सुरू होत नाही, एक तासापासून होते. म्हणजे टिपणातली बारा चाळीस ही टाइमलाइनवर एक तास बारा चाळीस. जुन्या टेपच्या काळापासून चालत आलेली रीत आहे. पटत नसेल तर टाइमलाइनचा सुरुवातीचा टाइमकोड बदलून शून्य करता येतो. वक्त्याला समजावण्यापेक्षा ते सोपं.)

रिझॉल्व्ह माझ्या मनात बसलं ते क्लिपच्या रंगांमुळे. टाइमलाइनवरच्या कुठल्याही क्लिपला रंग देता येतो. ही सोय दिसायला किरकोळ, सजावटीची. पण टाइमलाइन मेनूतून एका रंगाच्या सगळ्या क्लिप एकदम निवडताही येतात. या दोन गोष्टी जोडल्या की छाटणीची पद्धतच बदलते.

मी असं करते. सगळं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की आधी आख्ख्या क्लिपला हिरवा रंग. मग ऐकायला बसायचं, आणि टोकांवर फक्त कंट्रोल-बी. दुभंगलेल्या तुकड्यांना मूळ रंग राहतोच. नको असलेला तुकडा निवडून त्याला नारिंगी करायचं. कीबोर्ड कस्टमायझेशनमधून रंगांना की देऊन ठेवल्या आहेत, त्यामुळे माउसनं मेनू उघडावा लागत नाही, आणि शिफ्ट-व्ही दाबलं की प्लेहेडखालची क्लिप आपोआप निवडली जाते. म्हणजे एका तुकड्याला: कंट्रोल-बी, ऐका, कंट्रोल-बी, एक फ्रेम मागे, शिफ्ट-व्ही, नारिंगी. मोजायला गेलं तर आय-ओ-डिलीटपेक्षा या की जास्त आहेत. तरी एकूण काम लवकर संपतं, कारण काहीच सरकत नाही. टिपणातल्या वेळा शेवटपर्यंत खऱ्या राहतात. निर्णय बदलला तर तुकडा पुन्हा हिरवा करायचा, अनडूच्या शिड्या उतरत मागे जावं लागत नाही. शिंपी सगळ्या कापडावर खडूनं खुणा करून घेतो आणि मगच कात्री उचलतो, तसं हे.

तिसरा रंग जांभळा, तो शंकेसाठी. किस्सा ठेवायचा की नाही, नाव घेतलेल्या माणसाला चालेल का, हा आकडा बरोबर आहे का. हे मी ठरवायचं नसतं.

सगळं ऐकून झालं की मीडिया पूलमध्ये टाइमलाइनची नक्कल काढायची. नकलेत नारिंगी सगळे निवडायचे आणि डिलीट. शंभर तुकडे एका दाबात जातात, शंभर जागा एका दाबात भरतात. आणि दुसऱ्या एका नकलेत उलटं: हिरवे निवडून उडवायचे. उरतात फक्त नारिंगी आणि जांभळे, म्हणजे जे जे कापायचं ठरवलं किंवा ज्याची शंका आहे त्याचीच एक छोटी फीत. ती वक्त्याकडे पाठवायची. "माझा महत्त्वाचा मुद्दा कापला" हा संवाद यामुळे जवळजवळ संपतो, कारण अडीच तास पुन्हा बघायला कुणाला वेळ नसतो, अर्ध्या-एक तासाची फीत मात्र सगळे बघतात. क्वचित वक्ता स्वतःच कळवतो की अजून थोडं काढा.

ज्यांना रंगांचा खटाटोप नको त्यांनी बॅकस्पेसवर काम भागवावं. आय, ओ, बॅकस्पेस. जागा मोकळ्या राहतात, वेळा हलत नाहीत, शेवटी एडिट मेनूत डिलीट गॅप्स. मोकळ्या जागा एकदम बंद. यात फक्त काय काढलं ते डोळ्यांसमोर राहत नाही, आणि मुद्दाम ठेवलेली एखादी काळी जागा असेल तर तीही जाते.

आता रिपलची दुसरी बाजू, जिथे भल्याभल्यांचे प्रोजेक्ट बिघडतात. टाइमलाइनवर एकच ट्रॅक असेल तर रिपल गुणी आहे. पण दोन कॅमेरे, त्यावर स्लाइडचं स्क्रीन रेकॉर्डिंग, खाली वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज अशी चळत असेल तर प्रश्न येतो की सरकायचं कुणी. रिझॉल्व्हच्या एडिट पानावर हे ट्रॅकच्या डोक्यावरचं ऑटो सिलेक्टचं बटण ठरवतं. ज्या ट्रॅकवर ते चालू, ते सरकतात. ज्यावर बंद, तो जागेवर उभा राहतो, आणि तिथून पुढे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. ट्रॅक लॉक केला तरी तेच. बटण लहान आहे, चालू-बंद यातला फरक फिकट आहे, आणि चुकून लागलेला माउस पुरेसा आहे. एका फुटेजमधून आलेली चित्र-आवाजाची जोडी फाटली तर किती फ्रेमचा फरक पडला तो आकडा क्लिपवर लाल रंगात दिसतो, ही मेहेरबानी. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज त्या चित्राशी जोडलेलाच नसेल तर लाल आकडाही येत नाही.

यावर पहारा देत बसण्यापेक्षा प्रश्नच मोडून टाकणं बरं. सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर निवडून त्यांची एक मल्टिकॅम क्लिप करायची. जुळवणी आवाजावरून करायला सांगितली की रिझॉल्व्ह ती स्वतः करतं. मग टाइमलाइनवर एकच क्लिप येते, तिच्या पोटात सगळे. तिचे कितीही तुकडे करा, रंगवा, उडवा, आतलं एकमेकांपासून सुटत नाही. कॅमेरा कधी कुठला दाखवायचा हे छाटणी झाल्यावर ठरवायचं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी कॅमेरे बदलून घेतले आणि मग छाटलं, तर निम्मे बदल कचऱ्यात जातात.

फोनचं किंवा ऑनलाइन बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर त्याआधी आणखी एक पायरी. अशा फाइलींचा फ्रेमरेट बरेचदा स्थिर नसतो, कुठे सेकंदाला तीस तर कुठे सत्तावीस. एडिटिंग सॉफ्टवेअरला स्थिर दर हवा असतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं वाटतं आणि तासाभरानं आवाज घसरतो, आणि दोष येतो बिचाऱ्या रिपलवर. हँडब्रेक या व्हिडिओचं स्वरूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल एकदा काढून घ्यायची आणि तीच टाइमलाइनवर आणायची. प्रोजेक्टचा फ्रेमरेटही पहिल्याच मिनिटाला ठरवा, फुटेज आत आल्यावर ती सेटिंग बंद होते.

एवढं झालं की ठोकळ छाटणी संपली. पुढे टोकांचं बारीक काम, आणि इथे मी सर्वाधिक वेळ घालवते.

सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. चित्राला ते पुरतं. शब्दाच्या टोकाला नाही पुरत. अनुभवानं एक गोष्ट हाती लागली आहे: प, ट, क अशा वर्णांच्या आधी ओठ किंवा जीभ क्षणभर वाट अडवते, तेव्हा खरोखरची शांतता असते. त्या शांततेत कट बसला तर कुणाला कळत नाही. स, श, म, न यांना तशी पोकळी नसते, आधीच्या स्वराला ते चिकटून येतात, आणि तिथे घातलेला घाव ऐकू येतो. त्यामुळे "समजा" या शब्दाच्या तोंडावर कापण्याऐवजी मी एक शब्द मागे-पुढे सरकते आणि "पण" किंवा "तर" शोधते. श्वासाचंही तसंच. दोन तुकडे जोडताना एक श्वास ठेवायचा. दोन राहिले तर माणूस धापा टाकल्यासारखा वाटतो, एकही राहिला नाही तर यंत्र बोलल्यासारखा.

हे करायला टी दाबून ट्रिम मोडमध्ये यायचं. कट निवडला की स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कींनी तो एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतो, शिफ्ट धरलं तर पाच-पाच. पुढचं सगळं बरोबर सरकतं. कंट्रोल धरून वेगवेगळ्या ट्रॅकवरची अनेक टोकं एकत्र निवडता येतात आणि एकदम हलवता येतात. हे इतकं छान चालतं की मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते आहे यावर विश्वास बसत नाही. फ्रेमहून बारीक जायचं तर लपवलेलं फेअरलाइटचं पान तेवढ्यापुरतं उघडावं लागतं.

कटांवर होणारा बारीकसा "टक्" आवाज घालवायला प्रत्येक जोडावर एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत दुसरा येणं, लागतो. तो एकेक लावायचा नसतो. सगळ्या क्लिप निवडा, शिफ्ट-टी दाबा, आवाजाच्या प्रत्येक जोडावर एकदम लागतो. फक्त त्याआधी प्रेफरन्सेसमध्ये ट्रान्झिशनची ठरलेली लांबी कमी करा. मूळ एक सेकंदाची लांबी ठेवली तर कापून टाकलेले शब्द भुतासारखे पुसट परत येतात.

शांतता आपोआप शोधून कापणाऱ्या सोयींबद्दल मला नेहमी विचारतात. रिझॉल्व्हमध्ये बोलण्याचं लेखी रूप काढून त्यावरून कापण्याची सोय 2023 मधल्या 18.5 आवृत्तीत आली, पण ती पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत. त्याच वर्षी प्रीमियरमध्येही मजकुरावरून एडिटिंग आलं. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या व्हिडिओ साधनात शांतता शोधणारा फिल्टर कित्येक वर्षं आहे. काही सांगितलं नाही तर तो उणे 60 डेसिबलखालची, दोन सेकंद टिकलेली जागा शांतता धरतो. खोलीत पंखा असेल तर उणे 60 ला तो काहीच पकडणार नाही, आकडा वर घ्यावा लागतो. तुकडे शोधून द्यायला या सोयी चांगल्या आहेत. कापायला लावू नये. प्रश्न विचारून थांबलेला शिक्षक आणि पुढची स्लाइड शोधणारा शिक्षक यांची शांतता लहरींच्या आलेखावर सारखीच दिसते. पहिली कापली तर व्याख्यानाचा जीव जातो.

याच जातीचं रिझॉल्व्हच्या कट पानावरचं बोअरिंग डिटेक्टर. हे पान 2019 मध्ये सोळाव्या आवृत्तीबरोबर आलं. ठरावीक सेकंदांहून लांब क्लिप असेल तर ते ती कंटाळवाणी म्हणून दाखवतं. व्याख्यानाच्या टाइमलाइनवर चालवून बघा, आख्खी टाइमलाइन कंटाळवाणी निघते. कधीकधी ते बरोबरही असतं. त्या पानावरची दोन टाइमलाइनची मांडणी मात्र उपयोगी आहे, वर सगळा पल्ला आणि खाली हातातला भाग, त्यामुळे लांब फुटेजमध्ये झूम करत राहावं लागत नाही. मी तिथे फार रमले नाही. रंग आणि ऑटो सिलेक्ट जिथे समोर दिसतात तिथे माझा जीव आहे.

आणि रिझॉल्व्ह कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना फक्त अडीच तासांतले चार तुकडे वेगळे काढून द्यायचे आहेत, जोडाची सफाई नको, रंग नको, त्यांनी लॉसलेसकट वापरावं. मुक्त स्रोत आहे, मोफत आहे, आत एफएफएमपेग आहे. आय, ओ, अधिक चिन्ह दाबून पुढचा तुकडा, शेवटी एक्सपोर्ट. पुन्हा एन्कोड होत नसल्यामुळे कित्येक जीबीची फाइल सेकंदांत कापून मिळते. काढायचे तुकडे निवडून "हे सोडून बाकीचं ठेव" असंही सांगता येतं. त्याची मर्यादा मघाशी सांगितलेल्या पूर्ण फ्रेमचीच आहे: कट साधारण तिथूनच सुरू होऊ शकतो. एच डॉट 264 फाइली बनवणाऱ्या एक्स 264 एन्कोडरची ठरलेली मर्यादा अशा दोन फ्रेममध्ये 250 पर्यंतची आहे, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम असतील तर दहा सेकंदांपर्यंत. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हे जाणवतं, आपण सांगितलं त्याच्या बरंच आधीपासून तुकडा सुरू होतो. मी स्वतः मोठ्या फाइलीतून तासभराचा जेवणाचा खंड उडवायला ते वापरते आणि उरलेलं रिझॉल्व्हमध्ये नेते.

जुना लॅपटॉप असेल तर शॉटकट. एस दाबलं की दुभंग, एक्स दाबलं की रिपल डिलीट, झेड दाबलं की फक्त उचल, जागा मोकळी. एकेका बोटाचं काम, आणि रिझॉल्व्हपेक्षा हलकं. ज्यांच्याकडे मॅक आहे आणि फायनल कट आधीच घेतलेलं आहे त्यांना माझा सगळा रिपल-पुराण हास्यास्पद वाटेल, कारण 2011 पासून त्याच्या मुख्य पट्टीत तुकडा काढला की पुढचं आपोआप येऊन चिकटतं. जागा मोकळी ठेवायची असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. पण टिपणातल्या वेळा हलण्याचा प्रश्न तिथे आणखी तीव्र, हेही लक्षात घ्या.

डिलिव्हरच्या पानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, एक सोय सोडून. टाइमलाइन एकसंध रेंडर करायची की प्रत्येक क्लिपची वेगळी फाइल करायची, हे तिथे निवडता येतं. प्रश्नोत्तरांचे वेगळे तुकडे हवे असतील तर नक्कल टाइमलाइनवर तेवढेच ठेवून इंडिव्हिज्युअल क्लिप्स निवडायचं आणि सगळे एकदम काढायचे. मोफत आवृत्तीत 3840 गुणिले 2160 पर्यंत रेंडर मिळतो, बोलणाऱ्या माणसाला त्याहून मोठा कशाला हवा.

राहिला नव्या आवृत्तीचा मोह. रिझॉल्व्हच्या अद्ययावत आवृत्त्या मोफत येत राहतात, आणि नवी आवृत्ती प्रोजेक्ट लायब्ररीला स्वतःच्या मापाची करून घेते. त्यानंतर जुन्या आवृत्तीत ती उघडत नाही. नारिंगी तुकडे अजून टाइमलाइनवर असताना, वक्त्याचं उत्तर यायचं असताना, ते बटण दाबू नका. आधी प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून डीआरपी फाइल बाजूला ठेवा, काम पोचवा, मग दाबा.